दुसरीतल्या पोरांना कशाला रडवता?

फेब्रुवारी उजाडला की मराठवाड्यातल्या बऱ्याच शाळांमध्ये एका कार्यक्रमाची तयारी सुरू होते. कुठे त्याला मातृ-पितृ पूजन म्हणतात, कुठे संस्कार शिबिर, कुठे नुसतंच प्रेरणादायी व्याख्यान. थाट मात्र सगळीकडे सारखाच. पटांगणात मंडप, खुर्च्यांवर सरपंच आणि शाळा व्यवस्थापन समितीची मंडळी, खाली सतरंजीवर पोरं, मागे उभे पालक आणि पुढे माईक घेतलेला वक्ता. स्पीकरवर बासरीची करुण धून लावलेली असते. वक्ता मुलांना डोळे मिटायला सांगतो. “समजा, तुम्ही आज शाळेतून घरी गेलात आणि दारात गर्दी दिसली. पांढऱ्या कपड्यात कुणाला तरी झोपवलंय. जवळ जाऊन बघता तर... तुमची आई!” पुढच्या रांगेतलं एक पोरगं हुंदका देतं. मग त्याच्या शेजारचं. बघता बघता अख्खी सतरंजी रडायला लागते. त्यात दुसरीतली पोरं असतात, सात वर्षांची. पालकांचे मोबाइल वर होतात, संध्याकाळपर्यंत व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर येतो, त्याखाली हात जोडल्याच्या खुणा पडत राहतात आणि पुढच्या गावाचं बुकिंग त्याच व्हिडिओवर होतं.

माझा या प्रकाराला विरोध आहे. वक्त्यांच्या हेतूबद्दल मला शंका घ्यायची नाही. त्यातले बरेच जण गरिबीतून वर आलेले, आईच्या आठवणीनं खरोखर गहिवरणारे असतात. (मानधनाचे आकडे कानावर आले की थोडी शंका येते, पण ते असो.) अडचण अशी, की आपल्या भागात प्रेम या विषयावर मोठी माणसं लहान मुलांशी ठरवून, वेळ काढून, मंडप घालून बोलतात असा हा जवळजवळ एकमेव प्रसंग आहे. घरात हा विषय निघत नाही. वर्गात निघाला तर बाई डोळे वटारतात. म्हणजे पोरांच्या वाट्याला प्रेमाचा जो काही धडा येतो तो हाच, आणि तो चुकीचा आहे.

काय असतं या धड्यात? आईनं नऊ महिने ओझं वाहिलं. स्वतः उपाशी राहून तुला घास भरवला. बापानं फाटकी बनियन घातली, पण तुला नवा गणवेश आणला. तुझ्या फीसाठी आईनं मंगळसूत्र गहाण टाकलं. हे सगळं खरं असतं, मराठवाड्यात तर फारच खरं. पण सात वर्षांच्या मुलापुढे ते ज्या रीतीनं मांडलं जातं तिला हिशोब म्हणतात. इतकं दिलं, इतकं झिजले, आता तू काय देणार? ज्याच्या खिशात चिंचोके आहेत त्या पोरानं काय द्यायचं? त्याच्याकडे देण्यासारखी एकच गोष्ट असते: ऐकणं. आई-बाप म्हणतील ते निमूट ऐकणं. वक्ताही शेवटी तेच वदवून घेतो, हात पुढे करून शपथ घ्यायला लावतो आणि मग मुलं रडत रडत आई-बापाच्या पायावर डोकं ठेवतात.

त्या सतरंजीवर कोण कोण बसलेलं असतं, याचा विचार माईकवाल्यानं सोडा, मुख्याध्यापकांनी तरी केलेला असतो का? फेब्रुवारी म्हणजे ऊसतोडीचा ऐन हंगाम. बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, केज या पट्ट्यातल्या कितीतरी वाड्या-तांड्यांवर त्या वेळी धडधाकट माणूस दिसत नाही. दसरा-दिवाळीला मुकादमाच्या, म्हणजे मजूर ठेकेदाराच्या, टोळ्या हलतात, त्या कारखान्याचा पट्टा पडल्यावरच, म्हणजे गाळप संपल्यावरच, परततात. लेकरं आजी-आजोबांकडे आणि हंगामी वसतिगृहाच्या जेवणावर. त्या लेकरांची आई चार महिने दिसलेली नाही आणि माईकवरचा माणूस सांगतोय की डोळे मिटा, समजा आई मेली. रांगेत असंही एखादं पोरगं असतं, ज्याच्या बापानं मागच्या सुगीत फास लावून घेतला. विभागीय आयुक्तालयाच्या नोंदीत २०१५ साली मराठवाड्यातल्या शेतकरी आत्महत्या हजाराच्या वर गेल्या होत्या, २०२३ सालीही त्या हजाराच्या वरच होत्या. म्हणजे या आठ जिल्ह्यांत कुठल्याही शाळेच्या पटांगणात असं एखादं लेकरू असणार हे धरूनच चालावं लागतं. ‘बाप तुमच्यासाठी जगतो’ हे वाक्य त्याच्या कानावर कसं पडत असेल? आणि जिचा बाप रोज पिऊन येतो आणि आईला मारतो, त्या पोरीला त्याच्या पायावर डोकं ठेवायला लावणारे आपण कोण?

बालमानसशास्त्रात एक गोष्ट आता जुनी झाली आहे. स्वित्झर्लंडच्या ज्याँ पियाजेनं ती गेल्या शतकाच्या पूर्वार्धातच मांडली: लहान मूल जगाकडे स्वतःला मध्ये ठेवून बघतं. त्यातून पुढच्यांच्या लक्षात आलं ते असं, की घरात भांडण झालं, कुणी सोडून गेलं, कुणी वारलं, तर सहा-सात वर्षांच्या लेकराला ते आपल्यामुळेच झालं असं सहज वाटू शकतं. मी हट्ट केला म्हणून. मी पेन हरवला म्हणून. आता याच्या शेजारी आपलं सगळ्यात लाडकं वाक्य ठेवून बघा: “तुझ्यासाठीच तर राबतोय आम्ही.” मोठा माणूस हे मायेनं म्हणतो. लेकरू त्याचा अर्थ असा लावतं, की मी नसतो तर आईला जावं लागलं नसतं.

एका आजीनं हे वाक्य कसं टाळलं ते मी ऐकलं आहे. बालाघाटच्या डोंगरातली एक वस्ती, डिसेंबरची संध्याकाळ. आजी चुलीपुढे भाकरी थापत होती, नातू शेजारी गुडघे पोटाशी घेऊन बसलेला. पहिलीतला असेल. मी पाहुणा म्हणून बाजेवर. पोरानं मध्येच विचारलं, “आज्जे, माय माझ्यासाठी गेली का गं?” शाळेत कुणीतरी त्याला तसं सांगितलं होतं. आजीनं भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला आणि म्हणाली, “न्हाई बाबा. बोर पाडलं होतं, त्याला पाणी लागलं न्हाई. मुकादमाकडून उचल घेतलीया, ती फेडायला गेलेत. तू नसतास तरी बी जावंच लागलं असतं.”

“मग मला कामून न्हाई नेलं?”

“कोपीत थंडीनं काकडून मरशील. अन् शाळा बुडती.” मग भाकरी उलटताना, “गाडीत बसताना तुझी माय रडत व्हती का न्हाई?”

“व्हती.”

“अन् तू?”

“मी बी.”

“मग झालं तर. दोघांला बी करमंना. पट्टा पडला की यील.”

पोरगं उठलं आणि पहिली पापुद्र्याची भाकरी मागू लागलं. आजी निरक्षर होती. तिनं प्रेम हा शब्द उच्चारला नाही, पण विषय तोच होता. आईच्या जाण्याचं कारण तिनं पोराच्या अंगावरून काढून बोअरवेलवर टाकलं, जिथलं ते होतं. कर्ज मोठ्यांचं, ते मोठे फेडतील. तुझ्याकडे फक्त आईची आठवण. आणि आठवण दोन्हीकडून आहे, हेही तिनं त्याच्याच तोंडून वदवून घेतलं. मंडपातला वक्ता बरोबर उलटं करत असतो. मोठ्यांचं कर्ज उचलून तो लेकराच्या नावावर चढवतो.

यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं आहे. आमच्या आई-बापांनी कुठं कधी सांगितलं होतं की आमचं तुमच्यावर प्रेम आहे? तरी आम्हाला कळलंच ना! मला हा आक्षेप सगळ्यात वजनदार वाटतो, कारण तो आपल्या मातीतला आहे. इथला बाप बोलत नाही. बाजाराच्या दिवशी धोतराच्या सोग्यात बांधून आणलेले गुडदाणीचे दोन तुकडे हातावर ठेवतो आणि बैलाकडे निघून जातो. पोराला ताप आला तर रात्रभर उशाशी बसतो आणि सकाळी विचारलं तर म्हणतो, झोप येत नव्हती. त्याला ‘आय लव्ह यू बेटा’ म्हणायला लावणं म्हणजे त्याची टिंगल आहे, आणि मालिका बघून तसं म्हणू लागलेल्या शहरी घरांतून फार काही साधलं आहे असंही मला दिसत नाही. न बोलता केलेलं पोरांना कळतं, बहुतेक वेळा.

पण बहुतेक वेळाच. बोलणं नसेल तिथं मूल स्वतःचा अर्थ लावतं, आणि परिस्थिती आडवी असेल तेव्हा तो अर्थ हटकून वाईट निघतो. पूर्वी एकत्र घरं होती. बाप बोलला नाही तरी आत्या बोलायची, चुलती कुशीत घ्यायची, म्हातारा खांद्यावर घेऊन शिवारभर फिरायचा. आज लातूरला आठवीपासून क्लाससाठी खोली करून ठेवलेलं पोर आणि गावाकडे राहिलेला बाप यांच्यात उरलेलं बोलणं म्हणजे ‘टेस्टला किती पडले?’ एवढंच. आठवी लांबची वाटेल, पण त्याची सुरुवात पहिल्या घटक चाचणीपासून होते. मार्क चांगले पडले त्या दिवशी बापाचा चेहरा वेगळा, कमी पडले त्या दिवशी वेगळा. मूल हिशोब शिकतं.

“खायला-प्यायला घालतो, आणखी काय करायचं?” हा दुसरा प्रश्न. त्यावर माकडांनी दिलेलं उत्तर सांगण्यासारखं आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी हार्लो यांनी ऱ्हीसस माकडांच्या पिल्लांना जन्मतःच आईपासून तोडून दोन खोट्या आयांजवळ ठेवलं. एक आई उघड्या तारेची, दुसरी मऊ कापडात गुंडाळलेली. काही पिल्लांना दूध फक्त तारेच्या आईकडे मिळे. पिल्लं दूध पिण्यापुरती तिकडे जात आणि उरलेला सगळा वेळ कापडाच्या आईला बिलगून राहत. घाबरली की तिच्याकडेच धावत. १९५८ साली हार्लो यांनी हे मांडलं तोवर अमेरिकेतले मोठमोठे तज्ज्ञ सांगत होते की मुलांना फार कवटाळू नका, मूल आईला चिकटतं ते दुधासाठी. प्रयोग क्रूर होता, त्या पिल्लांचे पुढे हालच झाले, आणि आज कुणी त्याला परवानगी देणार नाही. पण ‘पोटाला घातलं की झालं’ या समजाचा त्यानं निकाल लावला. मध्यान्ह भोजन, गणवेश, पुस्तकं या योजना हव्यातच. वसतिगृहात भाकरी-भाजी वेळेवर मिळालीच पाहिजे. पण त्या यादीवर प्रेमाचा कागद पूर्ण झाला असं समजू नये.

आता जरा अवघड भागाकडे येतो. गेल्या काही वर्षांत शाळांतून ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ शिकवू लागले आहेत. चांगलंच आहे. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ साली बाल अत्याचारावरचा देशव्यापी अभ्यास प्रसिद्ध केला. १३ राज्यांतल्या बारा हजारांहून अधिक मुलांशी बोलून तो झाला होता आणि त्यात महाराष्ट्रही होता. निम्म्याहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं, आणि त्रास देणाऱ्यांत निम्मे लोक मुलांच्या ओळखीचे, विश्वासातले होते. पुढे २०१२ साली अशा अत्याचारांविरुद्ध पॉक्सो कायदा आला. त्यानंतर भिंतीवर तक्ते आले, त्यांवर मुलांच्या मदतीचा १०९८ हा जुनाच नंबर आला. पण या तक्त्यांना पाया कुठे आहे? घरात आपण काय शिकवतो? “मामाला पापी दे. देत नाहीस? मामावर प्रेम नाही तुझं? जा, मामा आता खाऊ आणणार नाही.” तीन वर्षांची पोर तोंड फिरवते, सगळे हसतात, तिला धरून मामापुढे करतात. त्या अर्ध्या मिनिटात ती बरंच शिकते. प्रेम असेल तर नाही म्हणायचं नसतं. नाही म्हटलं तर खाऊ बंद. मोठ्या माणसाचं मन राखण्याची जबाबदारी माझी. मग पाच वर्षांनी शाळेत तक्त्यापुढे उभं करून तिला सांगतो, नको असेल तर जोरात ‘नाही’ म्हण. कसं म्हणेल?

बरं, हा मामा लाख सज्जन असेल. बहुतेक मामा सज्जनच असतात. तो प्रश्नच नाही. सज्जन मामाला नाही म्हणायची सवय नसलेली पोर दुर्जनाला नाही म्हणू शकत नाही, एवढाच मुद्दा आहे. म्हणून स्पर्शाच्या तक्त्याआधी प्रेमाचं बोलणं हवं, आणि ते तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून हवं. त्याला शास्त्र लागत नाही. “नको वाटतंय का? बरं, मग नुसता रामराम कर.” इतकंच. मामालाही त्यातून काही शिकता येतं.

असाच दुसरा खेळ पाहुणे आले की होतो: “तुझा जीव कुणावर जास्त, आईवर का पप्पावर?” पोर या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघतं. हुशार असेल तर ‘दोघांवर’ म्हणतं आणि टाळ्या मिळवतं. आपल्याला करमणूक होते. त्याला कळतं की प्रेम वाटून घ्यायचं असतं, एकाला दिलं की दुसऱ्याचं कमी होतं, आणि खरं काय वाटतं त्यापेक्षा समोरच्याला काय ऐकायचंय ते बोलणं सोयीचं. धाकटं भावंड पाळण्यात येतं तेव्हा थोरल्याची जी चिडचिड होते, तिच्या मुळाशी बऱ्याचदा आपणच लावलेली ही वाटणी असते.

मारण्याबद्दल फार लिहीत नाही. शिक्षण हक्क कायद्यानं शाळेतली छडी २०१० पासून बंद केली. घरातली चालू आहे आणि ‘मारतो ते मायेपोटीच’ हे तिचं समर्थनही चालू आहे. मारावं की नाही यावर वाद घालणाऱ्यांशी मी वेगळा वाद घालीन. इथे एवढंच, की हात उगारलाच तर निदान त्याला माया म्हणू नका. राग आला, हात सुटला, माझं चुकलं, असं म्हणा. पाच वर्षांच्या पोरीच्या डोक्यात मार आणि माया एकाच कप्प्यात बसले, तर पंचविसाव्या वर्षी नवऱ्यानं मारल्यावर ती माहेरी काय सांगेल? आणि त्याच घरातला तिचा भाऊ काय शिकला असेल?

या सगळ्यावर काही लोकांची भीती वेगळीच असते. प्रेमबिम लहान पोरांच्या डोक्यात घालायचंच कशाला, वाईट वळण लागेल. ही भीती किती थराला जाते ते आपण पाहिलं आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये शेजारच्या विदर्भात, चांदूर रेल्वे इथे, कॉलेजातल्या मुलींना प्रेमविवाह करणार नाही अशी जाहीर शपथ दिली गेली. टीका झाली, बातमी विरली. पण ज्या मुलींशी लहानपणापासून या विषयावर कुणी सरळ बोललं असतं त्यांना शपथ द्यावी लागली नसती, आणि दिली असती तर त्यांनी दोन प्रश्न विचारले असते. आपल्याकडचं चित्र याहून गडद आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठरा पूर्ण होण्याआधी लग्न झालेल्यांचं प्रमाण राज्यात सुमारे २२ टक्के होतं. परभणीत ते ४८ टक्के निघालं, बीडमध्ये ४४ च्या आसपास. यातल्या बहुतेक आई-बापांना विचारा, ते खरं तेच सांगतील: पोरीच्या भल्यासाठीच केलं. टोळीबरोबर न्यावी तर फडात धोका, मागं ठेवावी तर गावात. त्यांच्या भीतीत खोटं काही नाही, आणि तिच्यामागची गरिबी भाषणानं जाणारी नाही. पण ज्या मुलीनं सातव्या वर्षी सतरंजीवर बसून रडत रडत शपथ घेतली की आई-बाप म्हणतील ते ऐकेन, ती पंधराव्या वर्षी मांडवात कुठल्या तोंडानं नाही म्हणेल? आई-बापाचे उपकार फेडायचा तो मुहूर्तच असतो.

डिसेंबर २०२१ मध्ये वैजापूर तालुक्यातल्या लाडगावात, मनाप्रमाणे लग्न केलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीला तिच्या भावानं आणि आईनं ठार मारलं. तपशील सगळ्यांना माहीत आहेत, ते इथे लिहीत नाही. त्या दिवसांत चौकाचौकांत, पोरांच्या देखत, एक वाक्य ऐकू येत होतं: “लाडानं वाढवली व्हती ओ.” म्हणजे वाढवलं हे मालकीचं खरेदीखत. मंडपातला सौम्य, अश्रूंनी भिजलेला हिशोब आणि हा हिशोब यांत अंतर खूप आहे, हे मला मान्य आहे. वही मात्र एकच आहे.

आणि हे सगळं अशा भूमीत, जिथं प्रेमाची दुसरी रीत सातशे वर्षांपासून लोकांच्या ओठांवर आहे. जनाबाई मूळची गंगाखेडची, परभणी जिल्ह्यातली. लहान वयात बापानं तिला पंढरपूरला नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी आणून सोडलं, अशी परंपरा सांगते. म्हणजे आजच्या हिशोबानं परक्या घरी टाकलेलं लेकरू. तिचा विठ्ठल तिच्याबरोबर दळू लागतो, शेण्या वेचतो, तिची वेणी घालतो. आणि ती काय करते? उपकार मोजत बसत नाही. रागावते, भांडते, वेळ पडली तर त्याला सरळ शिव्या घालते. देवाला शिवी देऊनही तिची माया कमी होत नाही आणि त्याचीही होत नाही. ज्याच्यावर रागावता येतं, ज्याला नाही म्हणता येतं आणि तरीही जो तुटत नाही, त्या नात्याची इतकी उघड खूण आपल्या मराठीत दुसरी क्वचितच सापडेल. पोरांना पायावर डोकं ठेवायला लावण्याआधी त्यांना हे सांगा की जनाबाई भांडायची. पोरं खूश होतील. त्यांना भांडण कळतं.

मग हे बोलायचं कुणी आणि कुठं? अंगणवाडी ही त्याची पहिली जागा आहे. तीन ते सहा वर्षांची लेकरं रोज तिथं असतात, ताई त्यांना नावानं आणि घरासकट ओळखते, आणि कुणाच्या घरात काय चाललंय हे तिला तलाठ्यापेक्षा जास्त माहीत असतं. एकात्मिक बाल विकास सेवा योजना १९७५ सालची. पन्नास वर्षांत तिच्या माथ्यावर वजनकाटा, रजिस्टरं, आधार, मोबाइल ॲप असं एकेक चढत गेलं आहे. त्यात आणखी एक विषय, आणखी एक तक्ता, आणखी एक ‘दिन’ चढवू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. शासनाला सुचवायला जावं तर उद्या ‘प्रेम सप्ताह’ निघेल आणि ताईला फोटो अपलोड करावे लागतील. बोलणं हे चालता चालता व्हायचं असतं. एक पोर दुसऱ्याची पाटी ओढतं, तिसरं रडतं, चौथं म्हणतं की माझी माय आली न्हाई अजून. तिथं ताई जे दोन शब्द बोलेल तोच पाठ. “आली नाही म्हणून राग आला ना? येऊ दे राग. आली की सांग तिला.” राग आला तरी प्रेम जात नाही, हे लेकराला एवढ्यातच कळतं.

ज्याच्या बापानं जीव दिला त्या लेकराशी बोलताना सगळ्यांची जीभ जड होते, म्हणून सगळे गप्प बसतात किंवा ‘बाबा देवाघरी गेले’ म्हणून मोकळे होतात. त्याला दोन गोष्टी कळणं गरजेचं आहे आणि त्या पुन्हा पुन्हा सांगाव्या लागतात: हे तुझ्यामुळं झालं नाही, आणि बाबांना जीव लावणं तू बंद करायची गरज नाही. बाकी कर्ज, बँक, सावकार हे कळायला पुढं वेळ आहे. शिक्षकांना एवढं जरी प्रशिक्षणात कुणी सांगितलं तरी पुष्कळ आहे.

मंडपाच्या कार्यक्रमांचं म्हणाल तर मी बंदी मागत नाही. बंदी घातली की तो कार्यक्रम मंगल कार्यालयात होईल, तिकीट लावून. मुख्याध्यापकांनी आणि व्यवस्थापन समितीनं एवढं ठरवलं तरी चालेल, की चौथीच्या आतली मुलं सतरंजीवर बसणार नाहीत, आणि मेलेल्या आईची कल्पना कुठल्याही वयाच्या मुलाला करायला लावली जाणार नाही. वक्त्याला आधीच सांगायचं. तो नाही म्हणाला तर दुसरा बघायचा. आपल्याकडे वक्त्यांचा दुष्काळ नाही.

राहिला मानधनाचा पैसा. ज्या गावातून टोळ्या जातात तिथं एका व्याख्यानाच्या खर्चात वसतिगृहातल्या लेकरांसाठी एक मोबाइल आणि हंगामभराचं रिचार्ज निघतं. वसतिगृहात ताटं मोजली जातात, हजेरी घेतली जाते. आईशी बोलणं झालं का, हे सहसा कुणाच्या वहीत नसतं. फडावरची माणसं पहाटेच उसाला भिडतात, त्यामुळे शाळेच्या वेळेत फोन लागत नाही. गाडी भरायची नसेल तर संध्याकाळी चूल पेटल्यावर लागतो. आईचा फोन बंद असेल तर मुकादमाच्या नंबरवर निरोप ठेवावा लागतो. दसऱ्याला गाड्या हलायच्या आधी घरोघरी जाऊन हे नंबर लिहून घेण्याचं काम मात्र शाळेलाच करावं लागेल, आणि दरवर्षी नव्यानं करावं लागेल, कारण मुकादम बदलला की नंबरही बदलतो.